आलं काय?

आमच्या शहापुरातल्या घराची कौले गेल्या उन्हाळ्यात उतरवली. घर वडिलांच्या वेळचे. वासे वाळवीने पोखरले होते आणि दर पावसाळ्यात स्वयंपाकघरात दोन पातेली आणि एक बादली मांडून ठेवावी लागे. कामाच्या दुसऱ्या दिवशी गवंडी आढ्यावरून ओरडला, "सर, ह्यो पाईप काढू काय? का ऱ्हाऊ दे?"

मी अंगणात येऊन वर पाहिले. तीस फुटांचा लोखंडी पाईप, तीन तुकडे जोडून केलेला, चारी बाजूंनी तारेचे ताण दिलेला. टोकाला टीव्हीचा अँटेना. निम्म्या काड्या गळालेल्या, उरलेल्या वाकलेल्या. गेली कित्येक वर्षे तो माझ्या डोक्यावर होता आणि मला दिसत नव्हता.

"थांब जरा," मी म्हणालो. "दादाला विचारतो."

तो पाईप दादाचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो बी. एस्सी. च्या पहिल्या वर्षाला होता. कॉलेज सोडून त्याने पोस्टाने रेडिओ दुरुस्तीचा अभ्यासक्रम केला, एका जुन्या मेकॅनिकच्या हाताखाली दोन वर्षे काढली आणि गल्लीच्या तोंडाला आठ फूट बाय दहा फुटाचे दुकान टाकले. त्याचे दिवस चांगले होते म्हणायचे. १९८२ च्या १५ ऑगस्टला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले होते. पुढच्या वर्षी इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला आणि १९८४ मध्ये तर देशभर गावोगाव लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे इतक्या झपाट्याने उभी राहिली की, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना रातोरात टीव्ही शिकावा लागला. दादाही शिकला. आमच्या घरात टीव्ही आला तो १९८५ साली. गिऱ्हाइकाने न नेलेला, वीस इंची, काळा-पांढरा, लाकडी शटर असलेला.

लहान केंद्रासाठी चार काड्यांचा अँटेना पुष्कळ झाला असता. गल्लीत सगळ्यांचे तसेच होते. पण दिसायचे ते दिल्लीचे. नंतर संध्याकाळी बंगळूरचेही दिसू लागले. आमच्या आईला हिंदी अर्धे समजे, कानडी बाजारापुरते. एकदा पुण्याच्या मावशीकडे तिने मुंबई केंद्राचे मराठी नाटक पाहिले होते. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "तिथं अगदी आपल्यासारखं बोलतात, नाही?" दादा काही बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यात पाईप आला.

आता मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून मला ठाऊक आहे की दादाचा उद्योग हिशेबात बसणारा नव्हता. टीव्हीच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. जमीन वाकली की त्या डोक्यावरून निघून जातात. केंद्राचा मनोरा शंभर मीटर आणि आपला अँटेना नऊ मीटर उंच धरला, तर सपाट जमिनीवर मजल चोपन्न किलोमीटरच्या आसपास संपते. पुणे इथून सरळ रेषेत तीनशे. गोवा जवळ, पण मध्ये सह्याद्री. मात्र उन्हाळ्याच्या संध्याकाळी कधी कधी हवेचे गरम थर असे बसतात की लहरी त्यांत अडकून, वाकत वाकत, भलत्याच लांबवर पोचतात. हे दादाला पुस्तकातून माहीत नव्हते. मार्च-एप्रिलमध्ये 'लांबचं घावतंय' एवढे त्याला माहीत होते.

मग रोज दिवेलागणीला आमचे नाटक सुरू होई. दादा कौलांवर, हातात पाना. मी दारात, एक डोळा टीव्हीवर. शेजारच्या अज्जी आमच्या पायरीवर बसलेल्या. दादा पाईप बोटभर फिरवी आणि विचारी,

"आलं काय?"

"मुंग्याच हायत!"

"आता?"

"आलं आलं... गेलं!"

अज्जी कानडी घरातल्या. त्यांना चित्रातले काय गेले नि काय आले ते नीट दिसतही नसे, पण उत्साह दांडगा. मी 'आलं' म्हटले की त्या 'बंतु, बंतु!' म्हणून टाळी वाजवीत आणि 'गेलं' म्हटले की कपाळाला हात लावून 'होय्तु' म्हणत. दादाला दोन्ही भाषांत एकच उत्तर मिळे.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी ते खरोखर आले. मुंग्या विरळ झाल्या, पडद्यावर एक बाई दिसली, तिच्या मागे तिचीच सावली, आणि भिंतीपलीकडून बोलावे तसा मराठी आवाज आला. ती काहीतरी वाटणघाटण सांगत होती. खोबरे, तीळ, मसाला. आई हात पुसत बाहेर आली ती उभीच राहिली. अज्जींनी विचारले, "एन हेळतारी?" काय सांगतायत? आई त्यांना मोडक्या कानडीत सांगू लागली. पाच-सात मिनिटे. प्रक्षेपण कुठले ते कळायच्या आत सगळे पुन्हा मुंग्यांत बुडाले. दादाने ते पाहिलेच नाही. तो वर पाईप धरून उभा होता, कारण मी त्याला ओरडून सांगितले होते की हलू नको.

दादाच्या दुकानाचे खरे वैभव १९८७ आणि ८८ चे. रविवारी सकाळी 'रामायण' लागे आणि शनिवारी रात्री दुकानात संच ठेवायला जागा नसे. वीज जाईल या भीतीने लोक चौदा इंची संचाला मोटारीची बॅटरी जोडून मागत. बंद संच समोर आला की दादा मागचे झाकण उघडायच्या आधी डोळे मिटून कान लावी. चालू संचाला एक अतिशय बारीक शिट्टी असे. चित्राच्या ६२५ रेघा, सेकंदाला पंचवीस चित्रे. गुणाकार केला तर १५,६२५. तेवढ्या वेळा सेकंदाला किरण पडदाभर डावीकडून उजवीकडे धावे, आणि त्याला धाववणारा ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच कंपनांनी किणकिणे. शिट्टी असेल तर लाईन आउटपुट ठीक, नसेल तर तिथूनच सुरुवात. मी शाळेतून येताना कोणाच्या घरी टीव्ही चालू आहे ते रस्त्यावरून सांगत असे. मोठ्या माणसांना ती ऐकू येत नाही हे तेव्हा मला माहीत नव्हते.

त्या दुकानावर मी धारवाडला एम. एस्सी. केले. खानावळीचे पैसे मनिऑर्डरने येत. कूपनावर मजकूर नसे. एकदाच होता, 'ट्यूब बदलली, म्हणून उशीर.'

आता जे लिहायचे आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. १९९९ साली मी एका कॉलेजात नवा लागलो होतो. प्रयोगशाळेतला ऑसिलोस्कोप बंद पडला. बाहेर पाठवायला पैसे नव्हते, म्हणून मी दादाला बोलावले. तो दुकान बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. दोन तासांत रेषा पडद्यावर आली. तेवढ्यात विभागातले एक ज्येष्ठ सहकारी आत आले. त्यांनी विचारले, "हे कोण?" मी म्हणालो, "टीव्ही दुरुस्त करतात. ओळखीचे आहेत."

दादा स्क्रू आवळत होता. त्याने मान वर केली नाही. काम संपल्यावर त्याने खिशातून दुकानाचे पावतीपुस्तक काढले, टेकून व्यवस्थित बिल लिहिले, 'ट्रान्झिस्टर १, कपॅसिटर २, मजुरी', एकूण १४० रुपये, आणि माझ्यापुढे धरले. "सर, सही करा," म्हणाला. माझ्याकडून त्याने घेतलेले ते पहिले पैसे. रात्री जेवताना तो नेहमीसारखा बोलला. मीही बोललो. ती गोष्ट आम्हां दोघांत पुन्हा कधी निघाली नाही.

पुढची वर्षे भराभर गेली. केबल आली, दादाने गल्लीत दीडशे घरांना तारा ओढून दिल्या आणि नंतर मोठ्या केबलवाल्याला ते विकून टाकले. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनने बिनपैशाची छत्रीसेवा सुरू केली, तेव्हा खानापूरच्या रानातल्या वाड्यांवर दादाने कितीतरी छत्र्या बसवल्या. छत्रीचे तोंड आग्नेयेला, छत्तीस हजार किलोमीटर वरच्या उपग्रहाकडे. त्या एकाच छत्रीत सह्याद्री वाहिनीही येते आणि चंदनाही. पहिली छत्री त्याने आईसाठी घरी बसवली. आईने मराठी बातम्या पाहिल्या, थोडा वेळ, आणि मग म्हणाली, "अज्जी असत्या तर त्यांचंही लावलं असतं." अज्जींना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

मग सपाट पडदे आले. त्यांत ट्यूब नाही, तो ट्रान्सफॉर्मर नाही. पडदा गेला तर नव्या संचाइतकाच खर्च, म्हणून कोणी दुरुस्तच करीत नाही. २०१० च्या सुमारास एकदा मी मुलीला घेऊन दुकानात गेलो होतो. ती तेव्हा सहा वर्षांची. दादापुढे एक जुना रंगीत संच उघडा पडला होता. त्याने तिला जवळ बोलावले आणि हळूच विचारले, "बाळ, शिट्टी ऐकू येते काय बघ." तिने कान लावला. "येते की काका. केवढ्यांदा!" दादा माझ्याकडे पाहून हसला. "मला कधीची येत नाही," तो म्हणाला. "पोरगा होता हाताखाली, तो सांगायचा. तोही गेला सोडून." मी कान लावला. मलाही येत नव्हती.

केबलचे आकाशातून डबीत स्थलांतर २०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने पुरे झाले. दादाने २०१८ मध्ये दुकानाला कुलूप लावले. आणि मार्च २०२२ पर्यंत दूरदर्शनने सीमाभागातली वगैरे पन्नासेक सोडून आपली जुनी प्रक्षेपण केंद्रेही बंद केली. म्हणजे आमच्या पाईपाला त्यानंतर ऐकण्यासारखे काही उरलेच नव्हते.

दादा संध्याकाळी आला. वय साठीच्या पुढे, पण पाना स्वतःचा आणला होता. मी नको म्हणत असताना शिडीवरून चढला. गवंडी खाली हात जोडून उभा. कौले उतरलेल्या उघड्या वाशांवर पाय देत तो पाईपापर्यंत गेला आणि थोडा वेळ नुसताच धरून राहिला.

"गंजलाय," तो वरून म्हणाला. "भंगारवाल्याला द्यायचा काय?"

"अँटेना ठेवतो," मी म्हणालो. "डिपार्टमेंटला नेतो. पोरांना दाखवायला बरा. बसवून द्यायला तूच ये."

त्याने क्लँपच्या बोल्टला पाना लावला. एक फेरा, दुसरा फेरा. गंजाची भुकटी खाली माझ्या चष्म्यावर पडली.

"बिल करू काय मग?" तो म्हणाला.

त्याचे तोंड पलीकडे होते. मी चष्मा पुसून पुन्हा वर पाहीपर्यंत बोल्ट सुटला होता आणि तो ओरडत होता, "अरे, धर की खालून, धर!"