प्रत्येक वाक्याला धनी हवा

मी पुण्यात राहून अमेरिकेतल्या डॉक्टरांसाठी स्क्राइबचं काम करते. तिकडे पूर्व किनाऱ्यावर सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा झालेले असतात. डॉक्टर तपासणीच्या खोलीत पेशंटशी बोलतात, ते बोलणं माझ्या कानावर पडतं, आणि भेट संपते तोवर तिची नोंद सहीसाठी तयार ठेवायची असते. हे काम म्हणजे भरभर टाइप करणं, असा समज बाहेरच्यांचा असतो आणि नव्याने येणाऱ्यांचाही असतो. मला मात्र दिवसेंदिवस पक्कं वाटू लागलं आहे की टायपिंगचा वेग ही या कामातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. अवघड आहे ते नोंदीतल्या प्रत्येक वाक्याला त्याचा धनी देणं. हे पेशंटने सांगितलं, हे डॉक्टरांनी हात लावून पाहिलं, हे यंत्राने मोजलं, हा डॉक्टरांचा अंदाज आहे. या चौघांची सरमिसळ झाली की नोंद वाचायला कितीही गुळगुळीत असो, पुढच्या डॉक्टरला ती फसवते.

हा विचार माझा नाही, तो या कामाच्या पायातच आहे. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी 1960च्या दशकात केसपेपर लिहिण्याची नवी पद्धत मांडली आणि 1968 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तिच्यावर सविस्तर लिहिलं. आज जगभर शिकवली जाणारी ‘सोप’ नोट त्यांच्याच पद्धतीतून आली. आधी सब्जेक्टिव्ह, म्हणजे पेशंटचं म्हणणं, मग ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे तपासणीत आणि रिपोर्टमध्ये दिसलेलं, मग असेसमेंट, म्हणजे डॉक्टरांचं मत, शेवटी प्लॅन. नवख्या स्क्राइबला हे चार कप्पे पाठ करायला लावतात, पण ते असे का पाडले हे सहसा सांगत नाहीत. ‘दोन दिवस ताप होता’ हे पेशंटचं वाक्य पहिल्या कप्प्यात जातं आणि खोलीत मोजलेला 101.2 फॅरनहाइट ताप दुसऱ्यात. घरी थर्मामीटर लावला होता की नुसतं अंग गरम लागत होतं, हे पहिल्या कप्प्यात स्पष्ट लिहिलं नाही, तर पुढे वाचणारा दोन्ही ताप सारख्याच तोलाचे धरतो. ‘पोट दुखतंय’ ही तक्रार असते आणि ‘उजवीकडे खाली दाबल्यावर दुखतं’ ही तपासणी. पेशंटने बोट ठेवून उजवी बाजू दाखवली असेल तर ती तक्रारच राहते. डॉक्टरांचा हात तिथे पोचल्याशिवाय ती तपासणीत जात नाही.

सर्वांत जास्त घोळ नकारांत होतो. ‘छातीत दुखत नाही, दम लागत नाही, चक्कर येत नाही’ अशी वाक्यं साच्यातून एका क्लिकवर नोटमध्ये येतात. डॉक्टरांनी छातीबद्दल विचारलंच नसेल, तर ‘छातीत दुखत नाही’ हे वाक्य बिनधन्याचं आहे. ते कुणीच बोललेलं नाही. अमेरिकेत या साच्यांना बिलाच्या नियमांनी मोठं खतपाणी घातलं. 1995 आणि 1997च्या नियमावल्यांनुसार भेटीची पातळी, आणि म्हणून तिचे पैसे, इतिहासाचे किती मुद्दे लिहिले आणि शरीराच्या किती संस्थांची विचारपूस नोंदली यावर ठरत. संपूर्ण विचारपुशीसाठी किमान दहा संस्था लागत. साध्या घसादुखीच्या नोटमध्येही सांधे, त्वचा, मन, लघवी असं सगळं ‘ठीक’ म्हणून अवतरे, त्याचं मूळ इथे आहे. 1 जानेवारी 2021पासून दवाखान्यातल्या भेटींसाठी ही मोजदाद गेली. आता डॉक्टरांच्या निर्णयाची गुंतागुंत किंवा दिलेला वेळ पाहिला जातो. 2023मध्ये इस्पितळातल्या भेटींनाही तोच नियम लागू झाला. नियम बदलला, पण साचे अजून कॉम्प्युटरमध्ये तसेच आहेत आणि हाताची सवयही गेलेली नाही. जे विचारलं नाही ते लिहायचं नाही, एवढी शिस्त पाळली तर नोट आखूड होते आणि तिच्यातल्या प्रत्येक ‘नाही’ला वजन येतं.

औषधांच्या यादीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण तिथे बिनधन्याचं वाक्य थेट पोटात जातं. यादीत नाव, ताकद, कुठल्या मार्गाने, दिवसातून किती वेळा आणि कशासाठी, एवढं असावं लागतं, आणि त्याखेरीज एक गोष्ट: पेशंट ते खरोखर घेतो का. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आणि पेशंटने घेतलेलं औषध या दोन वेगळ्या नोंदी आहेत. मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं यादीत असेल आणि पेशंट म्हणत असेल, ‘पोट बिघडतं म्हणून रात्रीची सोडली’, तर यादी खोटी नाही, पण अपुरी आहे. ते अर्धं वाक्य निसटलं तर साखर वाढलेली पाहून पुढचे डॉक्टर डोस वाढवतील किंवा आणखी एक गोळी जोडतील. पेशंटने जसं सांगितलं तसं, त्याच्या तोंडचं म्हणून, ते लिहायलाच हवं.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. स्क्राइब डॉक्टर नाही, नर्स नाही, फार्मासिस्ट नाही. त्याने ऐकलेलं उतरवावं. औषधांचं ज्ञान त्याच्या हाती देणं म्हणजे त्याला ढवळाढवळीला निमंत्रण देणं. आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. स्क्राइबने निदान सुचवायचं नसतं, डोस ठरवायचा नसतो, डॉक्टरांच्या सहीशिवाय त्याच्या एकाही शब्दाला अर्थ नसतो. पण ज्ञानाशिवाय नीट ऐकूही येत नाही. हायड्रॅलझिन रक्तदाबाचं औषध आहे आणि हायड्रॉक्सिझिन खाजेचं किंवा घबराटीचं. फोनवरून दोन्ही जवळजवळ एकच ऐकू येतात. क्लोनिडिन रक्तदाबासाठी असतं, आणि क्लोनोपिन हे क्लोनॅझेपामचं ब्रँडनाव. नावांची ही गफलत इतकी खरी आहे की लोसेक या नावाचं आम्लपित्ताचं औषध लॅसिक्सशी, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाशी, गोंधळू लागलं तेव्हा 1990 साली अमेरिकेत त्याचं नाव बदलून प्रायलोसेक करावं लागलं. मेटोप्रोलोल एवढंच ऐकून भागत नाही: टार्ट्रेट सहसा दिवसातून दोनदा घेतात, सक्सिनेट हळूहळू सुटणारं असल्याने एकदा. थायरॉइडची लिव्होथायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये असते. तिच्यापुढे मिलिग्रॅम लिहिलं की डोस हजारपट होतो. सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं आणि रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत. हे ठाऊक असलेला स्क्राइब स्वतः काही दुरुस्त करत नाही. तो जागा कोरी ठेवतो, खूण करतो आणि डॉक्टरांना विचारतो. ज्ञान हवं ते एवढ्यासाठीच, कुठे थांबायचं हे कळण्यासाठी.

लिहिण्याच्या पद्धतीलाही हेच लागू आहे. रुग्णालयांची पाहणी करून मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2004 साली टाळायच्या लघुरूपांची यादी काढली. युनिटसाठी नुसतं ‘यू’ लिहू नये, कारण ते शून्यासारखं दिसतं आणि दहा युनिट इन्शुलिन शंभर होतं. 5.0 लिहू नये, कारण टिंब पुसट झालं की पन्नास होतात, उलट .5च्या आधी शून्य हवंच. रोज या अर्थाची आद्याक्षरं टाळून ‘रोज’ असंच लिहावं. तांत्रिक वाटणारे हे नियम मला फार माणुसकीचे वाटतात. थकलेला, घाईतला, कदाचित रात्रपाळीचा कुणीतरी हे वाचणार आहे, हे त्यांत गृहीत धरलेलं आहे.

धनी न लिहिण्याची किंमत किती, याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण पेनिसिलिनच्या ॲलर्जीचं आहे. अमेरिकेत सुमारे 10 टक्के पेशंटांच्या नावापुढे ही ॲलर्जी लिहिलेली असते. खरोखर ॲलर्जी असलेले 1 टक्क्याहूनही कमी, असं तिथलं रोगनियंत्रण केंद्र सांगतं. बाकीच्यांचं काय झालेलं असतं? लहानपणी कधी पुरळ आलं, कधी नुसतं पोट बिघडलं, कधी आईने सांगितलं होतं एवढंच आठवतं. ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ हे दोन शब्द एकदा नोंदीत शिरले की कॉपी होत राहतात. कुणी सांगितलं, तेव्हा काय झालं होतं, वय काय होतं, हे मागे पडतं. मग त्या माणसाला साधं, नेमकं अँटिबायोटिक मिळत नाही, अधिक व्यापक मारा करणारं दिलं जातं. म्हणून ॲलर्जीच्या रकान्यात औषधाच्या नावाशेजारी नेमकं काय झालं ते लिहिणं ही स्क्राइबची मोठी कामगिरी आहे. दहा सेकंदांचं काम आहे, पण त्यासाठी डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं अख्खं उत्तर ऐकावं लागतं.

उलट दिशेचा मोहही असतो, आणि औषधं पाठ असणाऱ्यांना तोच अधिक छळतो. यादीत लिसिनोप्रिल आहे आणि पेशंट कोरड्या खोकल्याची तक्रार करतो. या गटातल्या, ‘प्रिल’ने संपणाऱ्या, औषधांनी असा खोकला येतो हे स्क्राइबला माहीत असतं. तरीही ‘लिसिनोप्रिलमुळे खोकला’ असं त्याने लिहिता कामा नये, कारण ते वाक्य डॉक्टरांचं आहे आणि डॉक्टर अजून ते बोललेले नाहीत. गोळी कधी सुरू झाली आणि खोकला कधीपासून आहे, या दोन तारखा मात्र पेशंटच्या तोंडून आल्या असतील तर जपून लिहाव्यात. निर्णयाला लागणारा पुरावा तोच आहे.

भारतीय स्क्राइबला इथे एक फायदा आहे आणि एक धोकाही. पॅरासिटामॉलला तिकडे ॲसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिनला एपिनेफ्रिन. आपल्या डोक्यात एक नाव आणि कानात दुसरं, अशी कसरत सुरुवातीला असते. पण मुलांकडे राहायला गेलेले मराठी आईवडील इथून नेलेल्या गोळ्या सांगतात, तेव्हा तीच कसरत कामी येते. ‘ग्लायकोमेट जीपी’ ऐकून मेटफॉर्मिन लिहिलं तर अर्धंच लिहिलं जातं. त्यात ग्लिमेपिराइडही असतं, आणि साखर एकदम खाली आणू शकतं ते हेच. आपल्याकडे नावांचा गोंधळ सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे: फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियाच्या औषधांच्या वादात 2001 साली कोर्टाने म्हटलं की औषधांच्या नावांतलं साम्य इतर मालापेक्षा कडक कसोटीने पाहायला हवं. 2016पासून डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असा नियमही आहे. पण आपल्या ओपीडीतल्या चिठ्ठीवर ‘काय दिलं’ एवढंच असतं. आधीचं काय चालू होतं, त्यातलं काय सुटलं, याला जागा नसते. ते नातेवाइकांच्या पिशवीत आणि आठवणीत असतं.

आणखी एक आक्षेप पेशंटच्या बाजूचा: तिसरा कान हजर असला की माणूस मोकळं बोलेल का? स्टॅनफर्डमधल्या फॅमिली मेडिसिनच्या दवाखान्यात झालेल्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्क्राइब असल्याने डॉक्टरांचं समाधान वाढलं आणि पेशंटांचं कमी झालं नाही. चाचणी छोटी होती, चारच डॉक्टर होते, म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. माझं उत्तर वेगळं आहे. मी ऐकते आहे हे पेशंटला आधी सांगितलं गेलंच पाहिजे, आणि ‘नको’ म्हटलं तर मला लगेच बाजूला होता आलं पाहिजे. शिवाय एप्रिल 2021पासून तिकडे बहुतेक नोट्स पेशंटला लगेच वाचायला मिळाव्या लागतात. आपल्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलेलं आहे का, हे आता स्वतः पेशंट तपासू शकतो. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

राहिला आजचा सर्वांत मोठा प्रश्न. खोलीतलं बोलणं ऐकून आपोआप नोट लिहिणारी यंत्रं आली आहेत, मग माणूस हवा कशाला? त्यांची गरज मी नाकारत नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत पेशंटसोबतच्या दर तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास कॉम्प्युटर आणि टेबलकामात जातात असं दिसलं होतं; हा भार ज्याने हलका होईल त्याचं स्वागतच आहे. पण यंत्राची चूक वेगळ्या जातीची असते. माणसाला ऐकू आलं नाही तर तो सहसा जागा कोरी सोडतो. यंत्र ती जागा शोभेल अशा वाक्याने भरू शकतं. बोलणं लिहून काढणाऱ्या व्हिस्पर या प्रणालीवरच्या 2024च्या अभ्यासात सुमारे 1 टक्का ध्वनिमुद्रणांत कुणीही न बोललेली वाक्यं सापडली, आणि बोलताना मोठे विराम घेणाऱ्यांच्या बाबतीत ती जास्त होती. दवाखान्यात अडखळत, थांबत बोलणारेच तर येतात. त्यामुळे यंत्राने लिहिलेला मसुदा हाती आला की मी भाषा शेवटी पाहते. आधी सगळे नकार, खरंच विचारलं होतं का म्हणून; मग डावं-उजवं; मग प्रत्येक औषधाचा आकडा आणि एकक; मग असेसमेंटमधलं एकेक वाक्य, ते डॉक्टर मोठ्याने बोलले होते की पेशंटचा अंदाज तिथे जाऊन बसला आहे. ज्याचा धनी सापडत नाही त्या वाक्यावर पिवळी खूण करून मी ते तसंच डॉक्टरांकडे पाठवते, आणि त्याचं काय करायचं हे सही करण्याआधी ते ठरवतात.