पाखरांसाठी आधी काय लावायचं?

सातारा, वैशाख

प्रिय सुमन,

तुझं पत्र मिळालं. नोव्हेंबरात तुम्ही दोघं मेलबर्न सोडून कायमचे सांगलीला येणार, हे वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! विश्रामबागच्या घरामागच्या मोकळ्या जागेचं तोवर काय करायचं ते तू माझ्यावर सोपवलंस. हे काम मी अगदी आवडीनं घेतलंय. पाखरं यायला हवीत, तर दाण्यांची भांडी आणि लाकडी घरटी कुठून मागवायची, असं तू विचारतेस. सुमे, ती मागवू, पण सगळ्यात शेवटी. आधी तिथे किडे राहतील असं बघू.

दचकू नकोस. चिमणी एरवी दाणे टिपते, पण पिलांना भरवते ते मुख्यतः अळ्या आणि किडेच. शिंजीर फुलांतला मध पितो, तरी त्याच्या पिलांनाही कोळी आणि किडे लागतात. पानाला एक भोक दिसलं की औषध मारायचं, असं जिथे चालतं तिथे दाणे कितीही ठेव, पाखरू खाऊन जाईल आणि संसार दुसरीकडे मांडेल.

म्हणून पहिलं झाड कागदी लिंबाचं आणि त्याच्या शेजारी कढीपत्ता. दोन्हींवर एक अळी येते. लहान असताना ती पाखराच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते आणि तिचंच पुढे काळं-पिवळं फुलपाखरू होतं. माझ्याकडे ती पानं कुरतडते, आणि मी तिला कुरतडू देते. ती आहे म्हणून तर शिंपी दिवसभर त्या झाडात असतो. पानांच्या कडांना चोचीनं भोकं पाडून कापूस आणि कोळ्याचे धागे ओवत तो घरटं शिवतो. शिंजिराची मादीही आपलं लोंबतं घरटं कोळिष्टकांनीच बांधून घेते. तेव्हा मागच्या भिंतीवरची जाळिष्टकं झाडायची नाहीत, असं कामाला येणाऱ्या बाईंना आत्ताच सांगून ठेवणार आहे. कढीपत्त्याची काळी फळं पिकली की बुलबुल आणि कोकिळा येतात, तो वेगळाच आनंद.

कुंपणाला तुती आणि जास्वंद, कोपऱ्यात शेवगा. शेवगा फुलला की शिंजीर तिथून हलत नाहीत. त्याचं लाकूड मऊ असतं, म्हणून वाळलेली फांदी लगेच तोडायची नाही. तांबट अशाच फांदीत ढोली कोरतो. झाडांखालचा पालापाचोळाही राहू दे. सातभाई तोच उलथून किडे शोधतात आणि दयाळही तिथेच उतरतो.

उंबर मात्र घराला लागून नको, मुळं पाया उकरतील. पण समोरच्या मोकळ्या जागेत, कॉलनीतल्यांना विचारून, एक लावायचाच. लहानपणी आपण औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जायचो. उंबराला कुऱ्हाड लावायची नाही, हे तेव्हा घरोघरी मानलं जायचं. त्या एका श्रद्धेनं किती पाखरं जगवली असतील! उंबर वर्षातून अनेकदा फळतो. इतर झाडांवर काही नसतं तेव्हाही तांबट, बुलबुल, कोकिळा आणि आपला राज्यपक्षी हरियाल यांना तो खाऊ घालतो. दुकानात मिळणारं कुठलंही दाण्यांचं भांडं ते करू शकत नाही.

माणसानं लावलेल्या झाडांवर पाखरं येतात का, ही तुझी शंका असेल, तर सागरेश्वर आठव. कडेगाव, वाळवा आणि पलूस या तालुक्यांच्या सीमेवरचे ते भुंडे डोंगर. धों. म. मोहित्यांनी ध्यास घेतला, माणसं जोडली, झाडं लावली, जगवली, आणि 1985 साली तिथे अभयारण्य झालं. जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचं, पण आज तिथे मोर ओरडतात. एवढा डोंगर हिरवा होतो, तर आपल्या दीड गुंठ्याचं काय घेऊन बसलीस?

इथली सगळी पाखरं तिथे मिळतील, असं मात्र धरून चालू नकोस. साताऱ्याला पाठीशी अजिंक्यतारा, यवतेश्वर आणि पुढे कासची वाट. डोंगरातली पाखरं सहज खाली उतरतात. तुमच्याकडे कृष्णाकाठ, ऊस, द्राक्षबागा, आणि पूर्वेला जत-आटपाडीचे माळ. हिवाळ्यात ज्वारीवर भोरड्यांचे थवे येतील, ते बघायला आपण मिरजेच्या पुढे जाऊ. मग माझ्याकडे ये, मायणीला जाऊ. 2021 पासून तो तलाव आणि परिसर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. रोहित उतरले असतील तर नशीब, नाहीतर बदकं आहेतच.

बाकी बारीकसारीक गोष्टी. पाण्यासाठी मातीचं पसरट परळ, दोन बोटं खोल, मध्ये टेकायला दगड. रोज घासून पाणी बदलायचं, म्हणजे डास होत नाहीत. ठेवायचं उघड्यावर, झुडपाला लागून नाही, कारण मांजर तिथेच दबा धरतं. मूठमूठ धान्य टाकायची सवय नको. त्यानं कबुतरं माजतात आणि लहान पाखरं हटतात. त्यापेक्षा ज्वारीची दोन कणसं तारेला टांगू. खिडक्यांना आरशासारखी काच बसवणार असशील, तर बाहेरून पट्ट्या चिकटव. काचेत आभाळ दिसतं आणि पाखरं येऊन आपटतात.

येताना दुर्बीण आण. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ मी घेऊन ठेवते. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सलीम अलींचा 12 नोव्हेंबर, म्हणून तो आठवडा आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो. त्याच्या आत पोहोचा. पहिल्या वर्षी बुलबुल, शिंपी, शिंजीर एवढेच येतील, तेही पुष्कळ झाले. तांबट आणि हरियाल यायला झाडं मोठी व्हावी लागतील.

एक मात्र लगेच कळव. ठेकेदार मागच्या जागेत सगळीकडे फरशी घालायची म्हणतोय. त्याला आजच फोन करून नको म्हण. मृग लागला की मी रोपं घेऊन सांगलीला जाते आहे, आणि मला माती मोकळी हवी.

तुझी,
नंदा