फाटलेला निरोध आणि उत्पादकाचे दायित्व

बंगळूरहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर संकेश्वर मागे टाकून निपाणीच्या रोखाने निघाले, की कणगला नावाचे एक गाव लागते. त्या गावी हिंदुस्थान लॅटेक्स, म्हणजे आजची एचएलएल लाइफकेअर, या सरकारी कंपनीचा निरोध तयार करणारा कारखाना आहे, आणि सणासुदीला त्याच रस्त्याने गावी जाणाऱ्या आमच्या बंगळूरच्या राजाजीनगरातील मराठी बिऱ्हाडांपैकी पुष्कळांना ही गोष्ट ठाऊक असूनही ती कोणी कोणापाशी बोलून दाखवीत नाही. कंपनीची स्थापना १९६६ सालची. १९६९ च्या एप्रिलात तिरुवनंतपुरमच्या पेरूरकडा भागात, जपानच्या ओकामोटो कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने, तिचे उत्पादन सुरू झाले आणि १९८५ साली आपल्या सीमाभागात दुसरा कारखाना उभा राहिला. त्यापूर्वीच, १९६८ पासून, तीन नगांचे ‘निरोध’चे पाकीट पंधरा पैशांना, चहा आणि साबण विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेतून, खेड्यापाड्यांतल्या किराणा दुकानांत पोहोचू लागले होते. उत्पादक सरकार, प्रचारक सरकार आणि कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे ठरवणारेही सरकारच, अशी ही व्यवस्था असल्यामुळे माल सदोष निघाल्यास दाद कोणापाशी मागावी हा प्रश्न दीर्घकाल कोणाला सुचला नाही. आणि पुढे खासगी कंपन्यांचे रंगीत खोके दुकानांत आले तरी ग्राहकाचा संकोच होता तसाच राहिला.

ग्राहक-कायद्याची वकिली मी करते. मिक्सर, विमा, सदनिका यांच्या तक्रारी घेऊन लोक निःसंकोचपणे येतात. निरोधाची तक्रार घेऊन येणारे जोडपे विरळाच. असेच एक जोडपे, मूळचे चिकोडी तालुक्यातले आणि राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीलगत भाड्याने राहणारे, माझ्या कचेरीत आले. नवरा लेथवर काम करणारा, तो खुर्चीच्या कडेवर बसून होता. बोलली ती बायकोच. निरोध फाटला, महिनाभराने चाचणी केली आणि दिवस गेल्याचे कळले, एवढे सांगून तिने पर्समधून त्याच खोक्यातल्या दोन न उघडलेल्या पुड्या टेबलावर ठेवल्या. फाटलेला निरोध आणि त्याची पुडी कुठे आहे, असे मी विचारताच ती म्हणाली, “मॅडम, ती काय जपून ठेवायची वस्तू आहे का?” दुकानाची पावतीही नव्हती.

तिचे म्हणणे व्यवहाराला धरून होते, परंतु सारा खटला नेमका त्या टाकून दिलेल्या पुडीवर उभा राहतो किंवा कोसळतो. पुडीच्या कडेला दाबून छापलेला बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि मुदत संपण्याचा महिना हीच त्या वस्तूची जन्मपत्रिका. निरोध ही कायद्याच्या दृष्टीने क्षुल्लक रबरी चीज नव्हे; औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘अनुसूची आर’मध्ये तिच्या कसोट्या घालून दिलेल्या आहेत, आणि २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली तिची गणना ‘सी’ वर्गात होते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, नमुन्यासाठी काढलेल्या निरोधात ३०० मिलिलिटर पाणी भरून तो टांगतात, नंतर टिपकागदावर लोळवून ओल उमटते का ते पाहतात. दुसऱ्या परीक्षेत नेहमीच्या रुंदीच्या निरोधाने फुटण्यापूर्वी किमान १८ लिटर हवा सामावून घेतली पाहिजे. परंतु हीच कसोटी थोडी चूक गृहीत धरून चालते: भोकांच्या बाबतीत ग्राह्य मर्यादा ०.२५ टक्के, म्हणजे चारशेंत एक. तात्पर्य, एखादा निरोध फाटला एवढ्यावरून तो ज्या बॅचमधून आला ती बॅच निकृष्ट होती असे अनुमान काढता येत नाही, आणि दोन पुड्या हातात असलेल्या ग्राहकाला ते सिद्ध करण्याइतका नमुना मिळणेही अशक्य.

कायदा मात्र ग्राहकाला अगदीच रिक्तहस्त पाठवीत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या सहाव्या प्रकरणात उत्पादन-दायित्व ही स्वतंत्र बाब आली, आणि कलम ८४ अन्वये निर्मितीतील दोष, रचनेतील दोष, ठरलेल्या प्रमाणापासून ढळणे, स्पष्ट हमी न पाळणे आणि योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणे, यांपैकी काहीही शाबीत झाले तर उत्पादक जबाबदार धरला जातो; तेथे त्याचा निष्काळजीपणा दाखवून देण्याची अट नाही. फिर्याद कारण घडल्यापासून दोन वर्षांत, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते, म्हणजे राजाजीनगरच्या माणसाला कारखान्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. खरी अडचण निराळी आहे. कायद्याने ‘हानी’ची जी व्याख्या केली तीत मृत्यू, आजार, शारीरिक इजा आणि तदनुषंगिक मनस्ताप येतात, निरोगी गर्भधारणेचा तीत उल्लेख नाही.

विलायतेत हा प्रश्न २००० साली एका विवाहितेने एल.आर.सी. प्रॉडक्ट्स या निरोधाच्या उत्पादकाविरुद्ध नेला होता. वापरात निरोधाचे टोक तुटले. ओझोन वायूने रबराला आधीच चिरा पडलेल्या होत्या, असे तिचे म्हणणे. न्यायमूर्ती इयान केनेडी यांनी त्या चिरा वापरानंतरच्या ठरवल्या, निरोध कधीच फाटणार नाही असे वचन उत्पादकाने दिले नव्हते असे म्हटले, आणि निरोगी मुलाच्या संगोपनाचा खर्च मागता येत नाही, शिवाय तिने वेळीच गोळी घेतली असती तर गर्भधारणा टळली असती, असेही सांगून दावा फेटाळला. हा शेवटचा भाग मला कठोर वाटतो, पण उत्पादकाचा वकील तो पहिल्याच तारखेला वाचून दाखवील यात शंका नाही. त्याच्या पोतडीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा पंजाब राज्य विरुद्ध शिवराम हा निवाडाही असेल: नसबंदी करूनही गर्भ राहिला आणि तो कळल्यावर दांपत्याने वाढू दिला, तर ते मूल ‘नको असलेले’ राहत नाही व त्याच्या पालनाची भरपाई मागता येत नाही. उलट, २००० च्या संत्रा प्रकरणात एकाच बाजूची नळी बांधून स्त्रीला संपूर्ण नसबंदी झाल्याचे सांगितले गेले होते, तेव्हा त्याच न्यायालयाने भरपाई कायम केली. फरक ध्यानात घेण्याजोगा आहे: संत्राकडे चुकीचा कागदोपत्री दाखला होता.

निरोध फसू शकतो हे आपल्या कायद्याने १९७१ सालीच मान्य केले होते, पण उत्पादकाच्या संदर्भात नव्हे. वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यात विवाहित स्त्रीने वा तिच्या पतीने वापरलेले साधन निष्फळ ठरल्यास त्यातून होणारा मनस्ताप हा तिच्या मानसिक स्वास्थ्याला गंभीर इजा मानावा, असे स्पष्टीकरण होते. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे ‘कोणतीही स्त्री वा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. या तरतुदीसाठी पुडी लागत नाही, बॅच क्रमांक लागत नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टराचे प्रामाणिक मत पुरते. माझ्या अशीलांना मी म्हणून आधी फिर्यादीकडे नव्हे तर डॉक्टरांकडे पाठवले. तेथे त्यांनी काय ठरवले ते सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्यांना फाटल्याचे त्याच रात्री कळते त्यांच्यासाठी वेळ याहून मोलाची: लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी, २००५ पासून ती चिठ्ठीवाचून मिळते. पाच दिवसांपर्यंत तांबी बसवून घेता येते. एचआयव्हीच्या संसर्गाची शंका असेल तर प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. आड येतो तो संकोच, आणि तो जुना आहे. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. म्हैसूर संस्थानाने मात्र १९३० साली सरकारी इस्पितळांतून अशी केंद्रे उघडण्याचा हुकूम काढला. त्या संस्थानाचा कारभार जेथून चाले त्या या बंगळुरात आजही गोळी मागताना माणसे आवाज उतरवतात, हे औषधदुकानात कधीही पाहावे.

मग उत्पादकाला कोणी काहीच विचारू नये काय? विचारावे, पण भरपाईच्या वाटेने नव्हे, बॅचच्या वाटेने. औषधे कायद्याच्या कलम २६ अन्वये कोणीही व्यक्ती स्वतः विकत घेतलेले औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासणीस देऊ शकते आणि अहवाल मिळवू शकते, हे वकिलांतही थोड्यांना माहीत असते. आणि एक नग सदोष निघाला तर औषध निरीक्षकाला दुकानातून व गुदामातून पुरेसा नमुना उचलण्याचा अधिकार आहे, जो ग्राहकाला नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात ब्रिटन व आयर्लंडमध्ये ड्युरेक्सच्या काही बॅचेस परत बोलावल्या गेल्या, त्या कोणाच्या खटल्यामुळे नव्हे. मुदत संपेतो त्या फुगवण्याच्या परीक्षेत टिकणार नाहीत, असे आढळले होते म्हणून. अशा तपासणीसाठी न उघडलेल्या पुड्या, खोके आणि पावती एवढे जपले तरी पुरे.

राहता राहिली ती सूचनांची बाब, आणि माझ्या मते उत्पादकाचे कवच सर्वांत पातळ आहे ते येथेच. लेथवरच्या त्या गृहस्थाने, बायको क्षणभर बाहेर गेली तेव्हा, खोबरेल तेल वापरल्याचे सांगितले. तेलाने लॅटेक्सचे बळ ओसरते, आणि ही सूचना खोक्यातल्या कागदावर होतीही. पण ती इंग्रजी आणि हिंदीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. त्याला वाचता येत होते कन्नड आणि मराठी. कलम ८७ उत्पादकाला येथे एक पळवाट देते: धोका उघड वा सर्वश्रुत असेल, तर त्याची सूचना न दिल्याबद्दल तो जबाबदार नाही. ज्या घरात खोबरेल तेल केसांना लावतात, भाजलेल्या बोटाला लावतात आणि कुरकुरणाऱ्या बिजागरीलाही घालतात, त्या घरात ते रबराला तेवढे घातक आहे ही गोष्ट सर्वश्रुत होती, असे कोणा उत्पादकाला म्हणायचे असेल तर त्याने ते शपथपत्रावर म्हणावे. आयोगापुढे उलटतपासणी बहुधा लेखी प्रश्नावलीनेच होते. ती प्रश्नावली मी आनंदाने तयार करीन.