कामठ्याचं लाकूड

गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीच्या हातात धनुष्य तुटलं. ते मी बनवलं होतं.

ती आठवीत आहे. शाळेत तिरंदाजी सुरू झाली. 'इंडियन राउंड' या प्रकारात बांबूचं धनुष्य चालतं, पण शाळेत धनुष्यं दोनच आणि मुलं पुष्कळ. "अब्बा, घरी सरावाला एक बनवून द्या ना," असं तिने म्हटलं आणि मी लगेच हो म्हणालो. आम्ही तडवी भिल्ल. भिल्ल हा शब्दच धनुष्याला असलेल्या 'बिल्लु' या द्राविडी शब्दावरून आला असं बरेच अभ्यासक मानतात. तेव्हा आपल्याला काय अवघड आहे, असं मला वाटलं.

पण नाव वारशाने मिळतं, कसब तसं मिळत नाही. यावल तालुक्यातलं सातपुड्याच्या पायथ्याचं गाव सोडून माझे वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत कामाला लागले. हा कारखाना १९६४ सालचा, इथे बंदुकीची काडतुसं बनतात. कामठेवाल्या आजोबांचा मुलगा काडतुसांच्या कारखान्यात, आणि नातू, म्हणजे मी, खुर्चीवर. जुम्म्याच्या बयानात तिरंदाजीची फजिलत ऐकलेली, हजरत सअद बिन अबी वक्कास यांचं नाव ऐकलेलं. धनुष्य कशाचं करतात, हे मात्र कधी कुणाला विचारलं नव्हतं.

वखारीतून सागाची पट्टी आणली. गुळगुळीत, सरळ, एक गाठ नाही. रंधा मारला, नायलॉनची दोरी बांधली. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी तिने दोरी कानापर्यंत ओढली आणि कडकन आवाज झाला. तुटलेलं टोक तिच्या डोळ्याखाली बोटभर अंतरावर लागलं. ती रडली नाही. "माझंच काही चुकलं का?" असं विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या रविवारी तुकडे पिशवीत घालून मामूंकडे गेलो. मामू अजून पायथ्याच्या गावातच राहतात. त्यांनी तुकडा उन्हात तिरपा धरला. "ह्या रेषा बघ भाच्या. पट्टीबरोबर शेवटपर्यंत जातात का?" जात नव्हत्या. मध्येच तिरप्या होऊन कडेला बाहेर पडल्या होत्या, आणि तुटलं होतं ते बरोबर तिथेच. करवत लाकडाची रेघ बघत नाही, आपल्या पट्टीची रेघ बघते. धनुष्य वाकलं की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. ताणाच्या बाजूला धागा तुटलेला असेल तर फाट तिथूनच सुरू होते. मी सरळ पट्टी निवडली होती, सरळ लाकूड नाही.

म्हणून कामठ्याचा बांबू करवतीने कापून काढत नाहीत, कोयत्याने चिरतात. चीर धाग्याबरोबर धावते. बांबूचे सगळ्यात दाट आणि चिवट धागे सालीलगत असतात, म्हणून साल बाहेरच्या बाजूला ठेवायची आणि तिला हत्यार लावायचं नाही. जाडी कमी करायची ती पोटाकडून, आणि दोन्ही हात सारखे वाकतात का ते पुन्हा पुन्हा बघत. दोरीसुद्धा बांबूच्याच पातीची करतात. लाकूडच हवं असेल तर धामणीचं, मामू म्हणाले. ती लवचिक. कुऱ्हाडीचे दांडे तिचेच करतात. अंजन कितीही कठीण असला तरी वाकायच्या कामाचा नाही.

मामूंच्या शेताच्या बांधावर बांबूचं बेट आहे. २०१७ साली कायदा बदलला आणि वनाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळे तिथला तोडायला अडचण नव्हती. मी एका हिरव्यागार, तुकतुकीत बांबूला हात लावला. मामू हसले. "हा यंदाचा. पोरगं आहे अजून." अंगावर पांढरी भुकटी आणि पेरांना पापुद्रे चिकटलेले असले तर तो कोवळा. निदान तीन पावसाळे पाहिलेला हवा. त्याचा रंग पिवळसर होतो, अंगावर डाग येतात, आणि कोयत्याच्या पाठीने वाजवला तर टणक बोलतो. बुडाकडचा भाग जास्त भरीव, तोच घ्यायचा.

"मग तो तोडू या," मी म्हणालो.

"आत्ता नाही. दिवाळीनंतर ये."

पावसाळ्यात बांबूत ओल जास्त असते, तेव्हा तोडायचा नाही. थंडीत तोडायचा, सावलीत उभा करून वाळवायचा. उन्हात घाई केली की तडकतो. मी सांगितलं, तिची तालुक्याची स्पर्धा दिवाळीआधी आहे. मामू म्हणाले, "स्पर्धा पुढच्या वर्षी पण असेल. डोळा दुसरा येत नाही."

घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. चूक तुझी नव्हती, लाकडाची पण नव्हती, माझी होती, हेही सांगितलं. ती रुसली. स्पर्धेला शाळेच्याच धनुष्यावर गेली आणि मागे पडली. राजस्थानचा लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्यावर शिकला आणि १९८८, १९९२, १९९६ अशा तीन ऑलिम्पिकला गेला, हे मी तिला परत येताना सांगत होतो. तिने खिडकीबाहेरच बघितलं.

दिवाळीनंतर तिला घेऊनच गेलो. बेटात शिरून तिनेच एकेक बांबू वाजवला. चौथ्याला थांबली, मामूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि कोयता तिच्या हातात दिला.

तो बांबू आता आमच्या जिन्याखाली उभा आहे. ती शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी त्याला टिचकी मारून ऐकते. काल म्हणाली, "अब्बा, अजून ओला बोलतोय." मला फरक ऐकू आला नाही. तिला आला, एवढं पुरे.