आकाशातील गुप्ती

पेढीवर शेठजींचा शब्द अंतिम. विमानाची दारे मिटली की तो मान वैमानिकाचा. सुरक्षितता वा शिस्त धोक्यात आणणाऱ्यास उतरविण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय उड्डाणांत त्याला १९६३ च्या टोकियो कराराने दिला. भारतात २०१७ च्या नियमांन्वये उद्धट वाणीस ३ महिन्यांपर्यंत, धक्काबुक्कीस ६ महिन्यांपर्यंत आणि प्राणघातक वर्तनास २ वर्षे वा अधिक प्रवासबंदी ठरविण्यात आली. उतरविलेल्या प्रवाशाचे सामानही शोधून काढावे लागते. एकाच्या हट्टापायी सारे खोळंबतात. कुणाचा मुहूर्त टळतो, कुणाचे अंत्यदर्शन हुकते. अशी परपीडाही हिंसाच होय. तिकिटाने आसन मिळते, हुकमत नव्हे. सामायिकात पाळलेल्या वचनगुप्तीची आणि कायगुप्तीची कसोटी पट्टा बांधण्याच्या साध्या सूचनेपाशी लागते.