चौतिसाचे तीस



खताचा हिशेब आपण गोणीवर करतो. युरियाची गोणी ४५ किलोची. गरज १०० किलोची असली, तर दोन गोण्यांचे ९० होतात आणि तिसरी आणली तर १३५. शंभराला जवळचे ९०, म्हणून आपण दोनच गोण्या आणतो. आकडा असा जवळच्या पटीत बसवण्यात गैर काही नाही. पण हीच सवय एकदा माझ्या हातून चुकीच्या जागी वापरली गेली, ती हकिगत आज सांगतो.

२०१९ सालचा ऑक्टोबर तुम्हाला आठवत असेल. काढणीला आलेले सोयाबीन पावसात सापडले, शेंगांना कोंब फुटले. गावोगाव पंचनामे झाले. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच मदत, असा नियम. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती.

पंचनाम्यांचे आकडे संगणकावर एकत्र करण्याचे काम माझ्याकडे होते. कुठे ३६, कुठे ४७, कुठे ६२. तक्ता सुबक दिसावा म्हणून मी सगळे आकडे जवळच्या दहाच्या पटीत आणले. संगणक हुकमाचा ताबेदार. त्याने प्रत्येक आकड्याला दहाने भागले, भागाकार जवळच्या पूर्ण संख्येवर नेला आणि पुन्हा दहाने गुणले. ६२ चे ६० झाले, ४७ चे ५०. तक्ता छान दिसू लागला. त्यावरूनच मी ३३ च्या वरची नावे निवडली.

दोन दिवसांनी एक वयस्क बाई आल्या. म्हणाल्या, "साहेब, माझ्या बांधाला लागून भावकीचं रान. त्यांचं नाव यादीत हाय, माझं न्हाई. पाऊस काय बांध बघून पडला?"

"बसा मावशी," म्हणून मी मूळ पंचनामा काढला. भावकीचे नुकसान ३६ टक्के, मावशींचे ३४. माझ्या तक्त्यात ३६ चे झाले होते ४० आणि ३४ चे ३०. दोन टक्क्यांचा फरक मी दहाचा केला होता. पाचाची पट घेतली असती, तर ३४ चे ३५ झाले असते आणि मावशी आत राहिल्या असत्या. म्हणजे पट निवडली मी, आणि भोगावे लागणार होते त्यांना!

नशिबाने यादी अजून वर गेली नव्हती. त्या रात्री मूळ आकड्यांवरून सारी यादी पुन्हा केली. ३३ आणि ३४ वाली अकरा घरे आत आली. चूक माझी होती, ती मी वरिष्ठांना लेखी कळवली.

तेव्हापासून माझा एक नेम आहे. मूळ आकड्याला हात लावायचा नाही. पटीतला आकडा शेजारच्या रकान्यात, केवळ वाचायच्या सोयीसाठी. निर्णय मात्र मूळ आकड्यावरच.

तुम्हीही एवढे करा. पंचनाम्याच्या वेळी शेतात हजर राहा. "असेल तीस-पस्तीस" असे म्हणून सोडून देऊ नका. टक्केवारी वाचूनच सही करा आणि आकडा घरच्या वहीत टिपून ठेवा. मावशींनी विचारले म्हणून अकरा घरांचे काम झाले. विचारायला संकोच करू नका.