जाळी कुठे गेली?

पहिल्या रविवारी मी एकशे सत्तावीस फोटो काढले आणि त्यात एकाही पक्ष्याचा डोळा स्पष्ट आला नाही. चोच आली, छाती आली, शेपटीजवळचं गुलाबी पीस तर एकेक तंतू मोजता येईल असं आलं. डोळा मात्र दर वेळी धुकट.

आई आणि मी राणीच्या बागेत सकाळी फाटक उघडल्या उघडल्या पोचलो होतो. तिला उर्वशीच्या झाडाला फुलं आलीत का ते बघायचं होतं. मला बोरा बाजारातून आणलेली निकॉनची जुनी २०० मिलिमीटरची लेन्स हाताळायला शिकायची होती. ऑटोफोकस नाही, चिप नाही. कॅमेऱ्याच्या मेन्यूत २०० आणि ४ हे दोन आकडे आपण भरले, की निदान प्रकाश मोजून मिळतो. पुढचं सगळं डाव्या हाताकडे. वजन साधारण अर्धा किलो, पुढे ओढून घ्यायचं अंगचंच हूड, आणि तुपात बोट फिरवावं तशी फिरणारी फोकसची रिंग. त्या रिंगच्या प्रेमात पडूनच मी ती घेतली.

आधी हीच लेन्स घेऊन भिगवणला गेले होते. हलत्या होडीत, लांबवरच्या रोहित पक्ष्यांवर हाताने फोकस करता करता थवा उडून जायचा आणि माझ्याकडे उरायचं नुसतं पाणी. राणीच्या बागेसारख्या प्राणिसंग्रहालयातला पक्षी मात्र पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसतो. शिकणाऱ्याला ही मोठी सवलत आहे. तिचा फायदा आपण त्याच्या कोंडलेपणामुळे घेतो, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

बागेतल्या मोठ्या पक्षी विहारात माणसांना आत शिरता येतं. तिथे चित्रबलाक आहेत: पिवळी, टोकाशी किंचित वाकलेली चोच, पिसं नसलेलं नारिंगी तोंड. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा घोटाळा कळला. माझ्या कॅमेऱ्यावर ही लेन्स एफ ४ ला उघडी ठेवली आणि पक्षी पाच मीटरवर असला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा पुढचा-मागचा मिळून जेमतेम दहा सेंटीमीटरचा. तीन मीटरवर तो साडेतीन सेंटीमीटरवर येतो. चित्रबलाकाची चोच लांबलचक. तो आपल्याकडे तोंड करून उभा असेल, तर चोचीच्या टोकावर साधलेला फोकस डोळ्यापर्यंत पोचायचाच नाही. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागतो, फोकस जुळल्याची खूण म्हणून. पण तो दिसून बोट दाबेपर्यंत पक्ष्याने मान वळवलेली असते.

मग मी ठिपक्याकडे बघणं सोडलं. रिंग एका जागी ठेवायची, श्वास सोडत कमरेतून किंचित पुढे झुकायचं आणि डोळ्यातला उजेडाचा कण सुईच्या टोकाएवढा झाला की शटर. रिंग फिरवण्यापेक्षा अंग झुकवणं सोपं जातं, हे कळायला मला तीन रविवार लागले. डोळा नेमका मिळाल्यावरही काही फोटोंत बुबुळावर निळसर पांढरी साय दिसायची. मला वाटलं पक्षी आजारी आहे. ते निमेषक पटल, पक्ष्यांची तिसरी पापणी. क्षणात येते, क्षणात जाते आणि नुसत्या डोळ्यांनी बघताना ती आहे हे जाणवतसुद्धा नाही.

आई बाकावर थर्मास घेऊन बसायची आणि माझ्याहून जास्त बघायची. “अगं, पाय बदलला की तो मान मागे नेतो. तू आधीच तयार राहा ना,” ती एकदा म्हणाली. मी रिंगशी झटत असताना तिने त्या चित्रबलाकाचा सगळा दिनक्रम पाठ केला होता. तिच्या सांगण्यावरून मान जिथे येणार तिथे फोकस आधीच लावून थांबले. मान आली. त्या दिवशी मला पहिला डोळा मिळाला.

पेंग्विनांकडे मी एकदाच गेले. काच, मंद उजेड, फ्लॅशला मनाई, आणि पाण्यातला त्यांचा वेग. तिथे लेन्स खाली ठेवून, पोहणाऱ्या हम्बोल्ट पेंग्विनाच्या छातीवरचा काळा पट्टा डोळ्यांनीच बघत राहिले. ते बरं झालं.

त्यानंतर मी पक्ष्यांच्या एका पिंजऱ्याकडे वळले. आत एक रातबगळा होता, लाल डोळ्यांचा. मध्ये कठडा, कठड्यापलीकडे जाळी. एफ ४ वर या लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र ५० मिलिमीटर रुंद असतं, त्यापुढे जाळीची तार काडीएवढी. पक्ष्याकडून येणारा प्रकाश तारेच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालावा तसा आत पोचतो आणि तार विरून जाते. फक्त जाळीवर ऊन पडलेलं नसावं, नाहीतर चित्रभर दुधट पडदा येतो. ढग आला, मी झुकले, शटर दाबलं. मागे अंधार, त्यात राखाडी पंख आणि तो माणकासारखा डोळा. इतकं चांगलं चित्र मी आधी कधीच काढलं नव्हतं.

धावत जाऊन आईला पडद्यावर दाखवलं. तिने चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं.

“जाळी कुठे गेली?”

मी उत्साहाने छिद्र, तार, प्रकाश सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं. लग्नानंतर गिरणीला सुट्टी असली की ती बाबांबरोबर लालबागहून इथे चालत यायची. तेव्हाचे पिंजरे तिने पाहिलेत. ती म्हणाली, “हुशारीच आहे हो. पण बघणाऱ्याला वाटेल, झाडावरचाच आहे.”

मला उत्तर सुचलं नाही. परतताना बसमध्ये सगळे फोटो पुन्हा बघितले. एकाही फोटोत कठडा नव्हता, जाळी नव्हती, माणूस नव्हता. रिंग माझ्या हातात होती. काय धूसर करायचं ते लेन्सने ठरवलं नव्हतं. ऑटोफोकस असता, तर कदाचित हा प्रश्न मी स्वतःला विचारलाही नसता.

पुढच्या रविवारी त्याच पिंजऱ्यापुढे उभी राहिले आणि अ‍ॅपर्चर एफ ११ वर नेलं. छिद्र ५० वरून १८ मिलिमीटरवर आलं, उजेड कमी झाला म्हणून आयएसओ वाढवावा लागला. रातबगळा त्याच फांदीवर होता. फोटोत त्याच्या पाठीवरून आणि गळ्यावरून तारांच्या करड्या सावल्या तिरप्या उतरल्या आहेत. एक अगदी डोळ्याच्या कडेवरून जाते.

दोन्ही फोटो छापून आणले. खाली पेनने लिहिलं: रातबगळा, राणीची बाग, पिंजऱ्यातला. आईने दुसरा उचलला आणि देवघराशेजारच्या कपाटाच्या काचेत, बाबांच्या फोटोखाली, खोचून ठेवला.